छोट्या ट्रॅक्टरवर लाकूडफोड्या: चार महिन्यांच्या नोंदी

१० ऑक्टोबर २०२१

मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हा आमच्या वाडीत जी झाडं आडवी झाली, त्यांतली माझ्या वाट्याची अशी: एक रायवळ आंबा, दोन फणस, अकरा काजू. पावसाळ्याआधी करवतीने जमेल तेवढं कापून मांगराच्या पडवीत लावलं, उरलेलं ताडपत्रीखाली राहिलं. आता पाऊस ओसरलाय आणि फोडायचं काम समोर आहे. काजूच्या स्टीम कुकरला, भात उकडायला आणि घरच्या बंबाला हीच लाकडं लागणार.

कुऱ्हाडीने फोडायला दोन गडी लावून पाहिले. पाचशे रुपये रोज, दोघांचे हजार, आणि दिवसाअखेर जेमतेम अर्धी ट्रॉली. काजू फुटतो, फणसाचा बुंधा पाचर गिळून बसतो. दुसऱ्या दिवशी एक गडी आलाच नाही. त्याचं बरोबर होतं.

माझ्याकडे २२ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे. सीटखालच्या ब्लॉकवर ट्रॉली उलटवायला तेलाची तोटी आहे. त्या तोटीवर हायड्रॉलिक सिलिंडर (तेलाच्या दाबाने दांडा ढकलणारं नळकांडं) चालवून लाकूड फोडायचं यंत्र, म्हणजे लाकूडफोड्या, करायचा बेत आहे. कोणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून तारखेवार लिहून ठेवतोय, चुका आणि पैशांसकट.

तोटीतून तेल किती येतं ते आधी मोजलं. दहा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर. हा आकडा हातात नसताना सिलिंडर घ्यायला जाऊ नका.

१७ ऑक्टोबर

दसरा झाला आणि फोंडाघाटातून कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात चौकशी केली, मग भंगारवाल्यांकडे फिरलो. एका खोदाई यंत्राचा जुना सिलिंडर मिळाला: आतला व्यास १०० मिमी, दांडा ५० मिमी, दांड्याची धाव (स्ट्रोक) ६० सेंमी. दोन्ही बाजूंनी तेल घेणारा आहे. ट्रॉलीचा सिलिंडर या कामाला चालत नाही. तो तेलाने वर जातो आणि ट्रॉलीच्या वजनाने खाली येतो. इथे त्याला मागे ढकलायला कोणी नाही.

किंमत ७,५०० रुपये. सील किट (तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) १,३५०. दोन्ही तोंडं उघडी ठेवून तो पावसात पडून होता. दांड्यावर दोन ठिकाणी गंजाचे खड्डे आहेत. विकणारा म्हणाला, "पॉलिश पेपर मारा, जातंय." खड्डे पॉलिशने गेले नाहीत, हे लगेच सांगून टाकतो. पण खरं दुखणं दांड्यावर नव्हतं, आत होतं. ते पुढे येईल.

तिथेच तेल पुढे-मागे वळवायला एक लिव्हरचा व्हॉल्व्हही उचलला, २,२०० रुपये. दिसायला भक्कम, लिव्हर सोडली की मधे येते. एवढं बघून घेतला.

२४ ऑक्टोबर

वेल्डरकडे चार दिवस. सहा इंची गर्डर भंगारात २,१०० ला मिळाला. एका टोकाला सिलिंडर, दुसऱ्या टोकाला पाचर वेल्ड करून पक्की, मधे ओंडका. दांड्याच्या टोकाला जाड प्लेट, ती ओंडक्याला पाचरीवर रेटणार. ट्रॅक्टरला मागे अवजार जोडायचे तीन बिंदू असतात, त्यांना अडकवायला कान आणि खाली टेकायला दोन पाय.

पाचर मी ट्रकच्या कमानीच्या पाट्याची करून घेतली. कठीण पोलाद, धार टिकेल असा हिशेब. वेल्डर नाखूश होता. त्याचं म्हणणं, पाटा न तापवता केलेलं वेल्ड धरत नाही, कडेने तडकतो. मी ऐकलं नाही. पाटा आणि घडाई मिळून ८०० रुपये.

होस पाइप कुडाळला दाबून घेतले, ३,४०० रुपये. सिलिंडरच्या तोंडाचे आटे आणि पाइपचे आटे जुळेनात. दोन फेऱ्यांत योग्य निपल मिळालं. तरी एक सांधा पाझरायचा, तिथे मी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली. ही टेप लक्षात ठेवा.

३१ ऑक्टोबर

पहिली चाचणी. ट्रॅक्टर चालू केला, तेल तोटीकडे वळवलं आणि लगेच कुठूनतरी किंचाळी सुरू झाली. लिव्हर ओढली की किंचाळी थांबते, सिलिंडर चालतो; लिव्हर सोडली की परत किंचाळी. दहा मिनिटांत ब्लॉकला हात लावता येईना.

संध्याकाळी कोल्हापूरच्या एका मिस्त्रीला फोन केला. त्याने एकच विचारलं: लिव्हर मधे असताना तेल कुठे जातं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्रॅक्टरचा पंप गिअरचा, इंजिन चालू आहे तोवर तो तेल ढकलतच राहतो. मी आणलेला व्हॉल्व्ह मधल्या जागी सगळे रस्ते बंद करणारा निघाला. तेलाला वाट नाही, म्हणून ते रिलीफ व्हॉल्व्ह (दाब हद्दीबाहेर गेला की उघडणारी झडप) जोराने उघडून जात होतं. किंचाळी त्याचीच, उष्णताही त्याचीच. या पंपाला लागतो तो मधल्या जागी तेल सरळ टाकीकडे सोडणारा, ओपन सेंटर. घेताना दुकानात तोंडाने फुंकून बघितलं असतं तरी कळलं असतं: लिव्हर मधे ठेवून येणाऱ्या तोंडातून फुंकायचं, परतीच्या तोंडातून हवा आली पाहिजे.

२,२०० रुपये गेले. परत घ्यायला भंगारवाला तयार नाही.

१४ नोव्हेंबर

दिवाळीच्या तोंडावर डिझेलवरचा केंद्राचा कर दहा रुपयांनी उतरला एवढीच चांगली बातमी. ओपन सेंटर व्हॉल्व्ह कोल्हापुरात ४,८०० ला मिळाला, पण एसटीचा संप. एरवी ड्रायव्हरकडे पार्सल दिलं की दुसऱ्या दिवशी स्टँडवर उचलायचं, इतकं सोपं. या वेळी आंबोलीमार्गे येणाऱ्या भाजीच्या टेम्पोतून आठ दिवसांनी आला.

बसवला. किंचाळी नाही. पहिला काजूचा ओंडका ठेवला, लिव्हर ओढली, आणि तो फाटत गेला तेव्हा जो आवाज झाला तो ऐकायला वाडीतली चार माणसं जमली.

वेळ मोजली: पूर्ण पुढे जायला १९ सेकंद, मागे यायला १४. मागे येताना दांड्याने जागा अडवलेली असते, म्हणून कमी तेलात काम होतं. तेहेतीस सेकंदांचा फेरा ऐकायला बरा वाटतो. समोर उभं राहून बघत बसलात तर फार लांब आहे.

आणखी एक चूक. प्लेट आणि पाचर यांच्यातलं अंतर ६२ सेंमी, आणि मे महिन्यात ओंडके कापलेत अंदाजाने दोन फुटांचे. तिरक्या तोंडाचे ते ओंडके मधे बसतच नाहीत. निम्मा ढीग करवतीने पुन्हा कापावा लागणार. ४५ सेंमीचे कापा, मोजून.

१६ नोव्हेंबर

तासभर चालवलं की सिलिंडर आचके देतो. तेल भरायचं झाकण उघडून पाहिलं तर आत ताकासारखा फेस. परतीचा पाइप मी त्याच झाकणाच्या भोकात सोडला होता. तेल वरून धबधब्यासारखं पडून हवा घेत होतं आणि तीच हवा पंपातून सिलिंडरमध्ये. भोकातून वळणाच्या पाइपचा तुकडा आत घालून त्याचं तोंड तेलाच्या पातळीखाली, भिंतीच्या कडेने नेलं. गिअर जवळ असल्यामुळे याहून खाली जाता येत नाही. फेस कमी झाला, गेला नाही.

पातळीही तपासली: काठीच्या खालच्या खुणेच्या खाली. सिलिंडरच्या पोटात पावणेपाच लिटर मावतं, पाइपांत वेगळं. हे सगळं तेल ट्रॅक्टरच्या गिअरपेटीतून गेलेलं. घरातलं सहा लिटर ओतलं.

कमानीच्या पाट्याची पाचरही आज वेल्डच्या कडेने तडकली. वेल्डरने काही बोलून दाखवलं नाही, नुसता बघत राहिला. त्याने मग २५ मिमी साध्या प्लेटची पाचर केली आणि फक्त धारेवर कठीण वेल्डचा थर दिला. १,८०० रुपये. धार कुऱ्हाडीसारखी करायला जाऊ नका. सुरुवात बारीक, आणि मागे अंग जाड होत गेलेलं हवं, म्हणजे शिरते आणि मग फाडते.

२१ नोव्हेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे.

भात कापून झालंय, मळणी उभी आहे. मळणीयंत्र जोडायला लाकूडफोड्या उतरवला आणि ट्रॅक्टरची अवजार उचलायची लिफ्ट वर करायला गेलो तर ती थरथरत वर येते, मधेच थांबते, सोडली की झटक्याने खाली. यापूर्वी कधी असं झालं नव्हतं.

फिल्टर काढला. जाळीवर चहाच्या गाळासारखा तांबडा थर, आणि त्यात पांढरे धागे. तांबडा थर सिलिंडरचा गंज. मी सील बदलताना फडक्याने पुसला होता तेवढाच. पांढरे धागे म्हणजे माझी टेफ्लॉन टेप. हे सगळं ट्रॅक्टरच्या पोटात फिरत होतं, लिफ्टच्या व्हॉल्व्हमधून, गिअरांमधून.

गिअरपेटीचं तेल काढलं, साफ केली, वीस लिटरची नवी बादली ५,२०० आणि फिल्टर ९००. लिफ्टचा व्हॉल्व्ह उघडून धुतला. नशीब की पंप वाचला. लिफ्ट आता सुरळीत आहे, पण चार दिवस ट्रॅक्टर खोलून पडला होता आणि भात खळ्यावर.

बाबा म्हणाले, "मळणेक ट्रॅक्टर होयो, आणि तू तेचा पोट फाडून बसलंस." शेजारचे काका त्याहून पुढे: "ट्रॅक्टराचा रगत भंगारात कित्याक घालतंस?"

काकांना हायड्रॉलिकमधलं काही कळत नाही, पण त्यांचं वाक्य मी मांगराच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय. ट्रॅक्टरला जे तेल लिफ्टला लागतं तेच गिअरांना लागतं. त्यात जुना सिलिंडर जोडणं म्हणजे पाच-सात हजारांच्या भंगारासाठी लाखांचं यंत्र पणाला लावणं. नवा, स्वच्छ सिलिंडर असेल आणि मधे चांगला फिल्टर असेल तर चालेलही. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

ठरवलं: लाकूडफोड्याला स्वतःचा पंप, स्वतःची टाकी. ट्रॅक्टरने फक्त पीटीओचा दांडा (इंजिनच्या जोरावर मागे फिरणारा, जोडलेली यंत्रं चालवायचा) फिरवायचा.

४ डिसेंबर

दोन दिवस अवकाळी पावसात गेले. ताडपत्रीखालचा ढीग भिजला, ते सुकायला पुन्हा आठवडा. मळणी त्याआधी उरकली होती म्हणून घरात शांतता.

त्या वेळात हिशेब मांडला. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो. गिअर पंपाला एवढ्या कमी फेऱ्यांत ताकद धरत नाही, म्हणून मधे एकास तीन वेग वाढवणारा गिअरबॉक्स. पंप फेऱ्याला १६ घन सेंमीचा घेतला तर पूर्ण वेगात मिनिटाला २६ लिटर. दीडशे बार (बार हे दाबाचं माप) दाबाला हे काढायला साधारण पावणेनऊ अश्वशक्ती लागते. माझ्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर तेवढी आरामात आहे. याहून बराच मोठा पंप लावला असता तर इंजिन बसलं असतं.

सिलिंडर पूर्ण खोलला. या वेळी डिझेलने धुतला, काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवला, पुन्हा धुतला, पांढरं फडकं आत घालून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. अकरा फडकी लागली. हे काम ऑक्टोबरात एका दुपारी झालं असतं.

१२ डिसेंबर

दुसरी कोल्हापूर फेरी. गिअरबॉक्स आणि पंप मिळून १६,५००. दोन्ही फेऱ्यांचं डिझेल आणि खाणंपिणं तीन हजार झालं. टाकी वेल्डरने केली, पन्नास लिटरची, आत मधे आडवी प्लेट घालून, म्हणजे परत आलेलं तेल लगेच पंपाकडे धावत नाही, फेस बसायला वेळ मिळतो. परतीवर फिल्टर, वर हवा खेळती राहणारं झाकण. ४,२०० रुपये. तेल ६८ नंबरचं, चाळीस लिटर, ६,४००. पंपाला तेल ओढायचा पाइप म्हणून शेतातल्या मोटरचा एक इंची हिरवा पाइप लावला, ४०० रुपये.

चालू केलं. पंप फिरतोय, तेल येत नाही. वेग थोडा वाढवला आणि पंपाच्या दांड्याजवळून तेलाची धार उडून माझ्या शर्टावर. सील बाहेर.

कारण दोन दिवस डोकं खाजवून सापडलं. पंप ठरावीक दिशेनेच फिरवायचा असतो. मी ट्रॅक्टरच्या मागे उभा राहून पाहिलं: पीटीओ घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. गिअरबॉक्समध्ये एक जोडी, म्हणजे दिशा उलटी. एवढं बरोबर. म्हणून मी काट्याच्या उलट दिशेचा पंप मागितला. पण पंपाची दिशा सांगतात ती पंपाच्या दांड्याकडून बघून, आणि माझ्या पंपाचा दांडा ट्रॅक्टरकडे तोंड करून आहे. म्हणजे बघायला हवं होतं ट्रॅक्टरकडून मागे. तिथून तीच उलटी दिशा सुलटी दिसते. मला हवा होता काट्याच्या दिशेचा.

एक सोपी युक्ती: हातात पेला धरा, मागून बघत तो फिरवा, न थांबवता समोरून बघा. मी हे करून बघितलं ते पंप फुटल्यावर.

दुकानदाराने सीलचे आणि बदलीचे मिळून ९०० घेऊन पंप बदलून दिला. अजून काय पाहिजे.

१९ डिसेंबर

चाललं. आणि काय चाललं! पीटीओ पूर्ण वेगात ठेवला तर ११ सेकंदांत पुढे, आठ सेकंदांत मागे. एवढी घाई लागत नाही. आम्ही इंजिन कमी ठेवून २६ सेकंदांच्या फेऱ्यावर काम करतो, त्यात हात सुरक्षित राहतात आणि डिझेल वाचतं. ओंडका फुटला की दांडा पूर्ण मागे नेत नाही, पुढचा ओंडका मावेल एवढाच नेतो. निम्मा वेळ तिथे वाचतो.

पीटीओच्या दांड्यावर प्लॅस्टिकचं आवरण आहे ते काढू नका, फुटलं असेल तर आधी नवीन आणा. माझा गडी पहिल्या दिवशी लुंगीवर आला होता. त्याला घरी परत पाठवला, पँट घालून ये म्हणून. रुसला. दुपारी पंच्याचं टोक हवेत उडून दांड्याजवळ गेलं तेव्हा त्यानेच पंचा काढून झाडाला टांगला.

२६ डिसेंबर

तेल गरम झालं की पंपातून गोट्या खळखळल्यासारखा आवाज. हिरवा पाइप बघितला तर चपटा: गरम तेलाने मऊ झाला आणि पंपाने ओढून तो आत बसवला. तारेची वेटोळी असलेला, तेलाला चालणारा पाइप आणला, ६५०. आवाज बंद. पंप तेल ओढतो त्या बाजूला दाब नसतो म्हणून तिथे कसलाही पाइप चालेल असं मला वाटलं होतं. तिथे दाब नसतो, ओढ असते.

२ जानेवारी २०२२

आज माझी हाव नडली.

फणसाचा मोठा बुंधा, बेचक्याजवळचा. पाचर चार बोटं शिरली आणि थांबली. नव्या व्हॉल्व्हवर रिलीफचा स्क्रू आहे, आवळला की दाबाची हद्द वाढते. मी तो अर्धा फेरा आवळला. पुन्हा थांबली. अजून अर्धा. बुंधा करकरला, मग आवाज बदलला, आणि मी बघतो तर ओंडका जसाच्या तसा, पण खालचा गर्डर केळ्यासारखा वाकलेला. सिलिंडर गर्डरच्या वर बसवलेला असतो. तो जेवढ्या जोराने ढकलतो तेवढाच गर्डर वाकायला बघतो.

प्रेशर गेज आधी घ्यायला हवा होता, तो आता घेतला, ७५० रुपये. त्याने दाखवलं १८० बार. १०० मिमीच्या सिलिंडरला १८० बार म्हणजे चौदा टनांहून जास्त. ट्रॅक्टरच्या तोटीला लावून पाहिलं: १४०, म्हणजे अकरा टन. नोव्हेंबरात हाच गर्डर टिकला तो त्यामुळे.

गेजशिवाय रिलीफच्या स्क्रूला पाना लावू नका. वाकला गर्डर म्हणून मी सुटलो. पाइप फुटला असता तर ही नोंद दुसऱ्या कोणी लिहिली असती.

१६ जानेवारी

आठ इंची गर्डर, ४,३०० रुपये. मीटरला पंचवीस किलो पडतो, उचलायला चार माणसं लागली. कान, पाय, सिलिंडरची बैठक सगळं पुन्हा कापून जोडलं. वेल्डरची आतापर्यंतची सगळी मजुरी ५,५०० झाली. त्याने सलगीने कमी घेतली, आणि पाट्याच्या पाचरीचा विषय मात्र प्रत्येक भेटीत काढला.

रिलीफ १५० वर लावून स्क्रूवर रंग मारून ठेवला, म्हणजे कोणी हलवला तर कळेल. कोणी म्हणजे मीच.

ज्या फणसाने गर्डर वाकवला त्याला या वेळी मधोमध न धरता कडेकडेने सोलला. चार इंची फाकी काढत आत गेलो. पंधरा मिनिटांत संपला. अडलेल्या लाकडावर जोर वाढवायचा नाही, ओंडका फिरवायचा. बेचक्याकडून कधी सुरू करायचं नाही, बुंध्याच्या तोंडाकडून. काजूला काही करावं लागत नाही. आंब्याचे रेषे पिळलेले असतात, ते फुटत नाहीत, फाटतात, आणि शेवटी दोन-चार धागे धरून राहतात. तिथे कुऱ्हाड जवळ ठेवावी.

२३ जानेवारी

दोन किरकोळ अपघात, दोन्ही माझे. सुकलेला काजू फुटताना फाक उडून नडगीवर आली; आठवडाभर लंगडलो. आता पाचरीच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढ्या प्लेटा लावल्यात, फाक खाली पडते. दुसरा: एका सांध्यावर बारीक फवारा दिसला आणि मी बोटाने चाचपायला गेलो. गड्याने हात धरला. एवढ्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं आणि नुसतं टोचल्यासारखं वाटतं, पण हात गमवायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून बघायचं, पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटते. मग इंजिन बंद केल्यावरच पाना लावायचा.

आणि एक नियम: लिव्हर ओढणाऱ्यानेच ओंडका ठेवायचा. दुसऱ्याने फक्त फोडलेलं उचलायचं. दोन माणसं यंत्रावर असली की एकाचा हात आणि दुसऱ्याची लिव्हर यांची कधीतरी गाठ पडते.

६ फेब्रुवारी

चिठ्ठ्या एकत्र करून बेरीज केली: ७२,६५० रुपये. त्यातले १२,५०० निव्वळ चुकांचे: पहिला व्हॉल्व्ह, पाट्याची पाचर, ट्रॅक्टरचं तेल आणि फिल्टर, पंपाची बदली, हिरवा पाइप, सहा इंची गर्डर. गर्डर भंगारात परत घालून थोडे सुटतील. वेळेचा हिशेब याहून वाईट आहे. सरळ रस्त्याने तीन आठवड्यांचं काम चार महिने चाललं.

आज पुन्हा करायचं तर सुरुवात पीटीओ पंपापासून करीन, दहा हजार आधी जास्त गेले तरी. ट्रॅक्टर कोणत्याही दिवशी पाच मिनिटांत मोकळा होतो: दांडा काढला, तीन पिना काढल्या, मळणीयंत्र जोडलं. तेलाचा एक थेंब इकडचा तिकडे जात नाही. बाबांना यंत्राचं कौतुक नाही, पण मागच्या आठवड्यात बंबासाठी त्यांनी स्वतः चार ओंडके फोडले, मी घरी नसताना. पँट घालून, असं आईने सांगितलं.

चालवायचा खर्च: तासाला दोन लिटरच्या आतबाहेर डिझेल. मी आणि एक गडी, सकाळचे पाच तास, दोन ट्रॉल्या. ऑक्टोबरात दोन गडी दिवसाला अर्धी करत होते. वादळातली झाडं आठ सकाळींत संपली; आता वाडीतली दोन घरं त्यांची लाकडं फोडून मागतायत. तासाचा दर काय लावायचा ते अजून ठरत नाही, कारण शेजाऱ्याकडून पैसे मागायचे म्हणजे जीभ अडखळते. डिझेल त्यांनी घालायचं एवढं ठरलंय.

राहिलेलं एकच. दांड्यावरचे ते दोन खड्डे सील खातात, जानेवारीत एकदा बदलून झालं; किटमध्ये जादा होतं म्हणून निभावलं. दांड्याला नवं क्रोम करून घ्यायला सिलिंडर पुन्हा कोल्हापूरला न्यावा लागेल. काजूची बोंडं पिकायला लागली आहेत, हंगाम सुरू झाला, म्हणजे मेपर्यंत ते होत नाही. तोवर दांड्याखाली तुपाचा रिकामा डबा टांगलाय. आठवड्याला पाव वाटी तेल जमतं. ते टाकीत परत ओतत नाही, करवतीच्या साखळीला घालतो.